सर्व्हरमधून निघालेली जुनी नेटवर्क कार्डं घरासाठी घ्यावीत का? (९०० रुपयांचा धडा शिकून झाला आहे)

पोटमाळ्यावरची
शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ लग्नाचं शूटिंग करतो, एडिटिंग माझ्याकडे असतं. तीन कॅमेरे, सगळं फोर-केमध्ये. हळदीपासून वरातीपर्यंत एक लग्न साधारण ४०० जीबी भरतं. एडिटिंगचं मशीन हॉलमध्ये आहे (रायझन ५, बी४५० बोर्ड, एनव्हीएमई एसएसडी). साठा पोटमाळ्यावरच्या जुन्या डब्यात: सहाव्या पिढीचा आय-५, ८ टीबीच्या ४ डिस्का, त्यावर ट्रूनॅस (डब्याला साठ्याचा सर्व्हर बनवणारी प्रणाली). मध्ये साधी गिगाबिटची वायर.

एक लग्न वर चढवायला तास जातो. आणि लग्न पुन्हा खाली उतरवावं लागतंच. "आमच्या मामांनी आहेर दिला तो शॉट कुठंय?" असा फोन आला की अजून एक तास.

नव्या १० गिगाबिट कार्डांच्या किमती पाहून लॅपटॉप मिटला होता. मग कुणीतरी सांगितलं की डेटा सेंटरमधून काढलेली कार्डं भंगाराच्या भावात मिळतात. ऑनलाइन एका जुन्या मालाच्या विक्रेत्याकडे 'एचपी ५६०एफएलआर, १० जीबी, दोन पोर्ट' ९०० रुपयांना दिसलं. मागवलं. आलं, दिसायलाही भारदस्त. पण स्लॉटमध्ये बसेचना! खालची सोनेरी दातांची पट्टी वेगळ्याच जागी, आणि मागे स्क्रूने आवळायची उंच पट्टीही नाही. विक्रेता म्हणतो, "मॅडम, कार्ड चालू आहे, तुमच्या पीसीत प्रॉब्लेम आहे."

प्रश्न असे:
१) हे कार्ड काही करून बसेल का?
२) नाही तर दुसरं कुठलं घ्यावं? दोन्ही मशीनची मिळून सहा-सात हजारांच्या वर जायचं नाही.
३) हे सगळं मी उगाच करतेय का?

---

तांब्याची तार
शनिवार, रात्री ११:४०

ताई, विक्रेता अर्धं खरं बोलतोय. कार्ड चालूच असणार. पण ते पीसीचं नाही. एफएलआर ही अक्षरं म्हणजे फ्लेक्सिबल-लॉम, रॅक सर्व्हरसाठी. एचपीने आपल्या सर्व्हरच्या बोर्डवर या कार्डासाठी वेगळी जागा ठेवली आहे, तिचा कनेक्टरही वेगळा. चिप तीच, इंटेलची ८२५९९, जी साध्या पीसीआय कार्डावर असते. त्याच एचपीचं '५६०एसएफपी+' घेतलं असतंत, तर गुपचूप बसलं असतं. तीन अक्षरांनी घात केला.

डेलच्या सर्व्हरमधलं 'आरएनडीसी' असंच, आणि ओसीपी मेझानीन (सर्व्हरच्या बोर्डवर आडवी बसणारी) कार्डं तशीच. ही स्वस्त दिसतात कारण घरच्या मशीनवाल्याला ती नको असतात. अडॅप्टर मिळतात, पण ते शोधायचं, मागवायचं, वर कार्ड केसमध्ये वाकडं बसवायचं. ९०० रुपयांसाठी मी करणार नाही.

मी नवी मुंबईत महापे पट्ट्यात डेटा सेंटरमध्ये काम करतो, म्हणून हा माल स्वस्त का होतो ते सांगतो. मोठ्या गिऱ्हाइकांचे सर्व्हर चार-पाच वर्षांनी बदलले जातात, कार्ड बिघडलेलं असो वा नसो. नवे सर्व्हर येतात ते २५ किंवा १०० गिगाबिटचे. मग १०च्या कार्डांची पोतीच्या पोती निघतात, अक्षरशः पोती, आणि किलोच्या हिशोबात जातात. पुढे कुणी तरी ती पुसून, बबल रॅपमध्ये घालून विकतो. कार्डात फिरणारा भाग नसतो, घासून जायला काही नसतं. जुनी डिस्क घ्यायला मी दहादा विचार करीन. जुन्या कार्डाला एकदाच करतो.

तुमच्या कामाला दोनच नावं लक्षात ठेवा.

मेलानॉक्स कनेक्टएक्स-३, एका पोर्टचं: एमसीएक्स३११ए. छोटं कार्ड, चार लेनचं (लेन म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातली डेटाची एक वाट), तापतंही तुलनेने कमी. (मेलानॉक्स आता एनव्हिडियाची, २०२० साली विकत घेतली. जुन्या कार्डांवर जुनंच नाव असतं.)

इंटेल एक्स५२०, म्हणजे तुमच्या एफएलआरमधलीच चिप, पण सरळ कार्डावर. याला आठ लेन लागतात, आणि एक खोड आहे, ती खाली कुणीतरी सांगेलच.

कनेक्टएक्स-२ अजून स्वस्त दिसेल. त्याच्या वाटेला जाऊ नका, ड्रायव्हरच्या बाबतीत ते आता अनाथ आहे.

---

शंकासूर
रविवार, सकाळी ७:०५

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: हो, थोडं उगाच.

डिस्का किती वेगाने वाचतात ते आधी पाहा. एक साधी फिरती डिस्क १८०-२०० मेगाबाइटच्या वर जात नाही. गिगाबिटवर तुम्हाला ११० मिळतात. २.५ गिगाबिटचं नवं कोरं कार्ड घ्या, वॉरंटीसकट. तीच केबल चालेल, तोच आरजे४५ जोड. २८० मेगाबाइट मिळतील. तासाचे पंचवीस मिनिटं झाली, अजून काय पाहिजे? भंगारातून माल आणून त्याला पंखे बांधणं हा छंद आहे. व्यवसायात छंद नको.

---

तांब्याची तार
रविवार, सकाळी ९:३०

शंकासूर, डिस्का ४ आहेत. रेडझेड-१ (एका डिस्कची जागा सुरक्षेसाठी राखणारी मांडणी) असेल तर तीन डिस्कांचा वेग एकत्र मिळतो. मोठ्या व्हिडिओ फाइली सलग वाचताना ४००-५०० मेगाबाइट सहज. २.५ची लाइन तिथे अपुरी पडते.

आणि 'नवं कोरं, वॉरंटीसकट' म्हणताना इंटेलची आय२२५ ही २.५ गिगाबिटची चिप विसरू नका. पहिल्या आवृत्त्यांत चिपमध्येच दोष होता, काही स्विचबरोबर पॅकेट गळायची. नवं म्हणजे निर्दोष असं काही नसतं.

---

शंकासूर
रविवार, सकाळी ९:४१

आय२२६ घ्या मग. किंवा रिअलटेक. मी घेतलंय, दोन वर्षं हूं की चूं नाही.

(पण ४ डिस्का वाचायच्या राहिल्या होत्या, ते मान्य.)

---

अवांतरराव
रविवार, सकाळी १०:१५

धागा वाचतोय. एसएफपीला (या कार्डांवरचं पोर्ट, ज्यात केबलचं मॉड्यूल खोचतात) मराठीत 'खोचणी' म्हणावं असा माझा प्रस्ताव. खोचायचं, कडी ओढून काढायचं. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

---

हातोडी
रविवार, दुपारी १:२०

खोचणी झकास आहे, घेतला शब्द.

ताई, मी कोल्हापूरचा. घरी अशी सहा कार्डं पडून आहेत, चार चालू. दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून लिहितो.

पहिली, मागची पट्टी. सर्व्हर बुटके असतात, त्यामुळे कार्डाबरोबर बहुतेक वेळा बुटकी पट्टी येते. आपल्या टॉवर केसला उंच पट्टी लागते. नुसतं स्लॉटमध्ये उभं ठेवलं तर केबल ओढली की कार्ड तिरकं होतं आणि मशीन बंद पडतं. विकणाऱ्याला आधीच विचारा, "फुल हाइट ब्रॅकेट आहे का?" नसेल तर पन्नास-शंभर कमी करा म्हणावं. मी उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची करून घेतली. त्याने जुनी बघितली, माप घेतलं, चहा येईपर्यंत नवी हातात. पैसे घेईना. म्हणाला, एवढ्याशा पत्र्याचे काय घेऊ.

दुसरी, उष्णता. ही कार्डं सर्व्हरमधल्या वादळात राहायला बनवलेली असतात. तिथे समोरून पंख्यांची रांग सारखी वारा मारते. आपल्या केसमध्ये कोपऱ्यात पडून ती भाजतात. एक्स५४० किंवा दोन पोर्टवालं काही असेल तर हीटसिंकला बोट लावून बघा, लगेच काढाल. आणि तुमचं एक मशीन पोटमाळ्यावर, पत्र्याखाली की स्लॅबखाली? एप्रिल-मेमध्ये तिथे माणूस टिकत नाही.

उपाय सोपा: ४० मिमीचा छोटा पंखा, १२ व्होल्टचा ५ व्होल्टवर चालवायचा म्हणजे आवाज नाही, आणि झिप टायने हीटसिंकवर बांधायचा. दिसायला गबाळं दिसतं.

---

एडिसनकर
रविवार, रात्री ८:५०

इकडे अमेरिकेत ई-बेवर एमसीएक्स३११ए वीस-पंचवीस डॉलरला पडलेली असतात. मी डिसेंबरमध्ये येतोय, दोन-चार कार्डं बॅगेत सहज मावतील. मागच्या खेपेला एका मित्रासाठी चार नेली होती. विमानतळावर क्ष-किरणात बघून बॅग उघडायला लावली, "ये क्या है?" म्हणाले. "कंप्यूटर का पार्ट" म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

एक सावधगिरी: इंटेलचं चार पोर्टचं आय३५०-टी४ घ्यायचं मनात आलं तर डोळे उघडे ठेवून. त्याच्या नकला बाजारात खच्चून आहेत. नवं, चकचकीत, डब्यासकट आणि स्वस्त दिसलं की समजा गडबड आहे. उलट डेल किंवा एचपीचा मळका स्टिकर असलेलं, सर्व्हरमधून उपसलेलं कार्ड बरं. त्याची नक्कल करण्यात कुणाला फायदा नसतो.

---

नवशिक्या ७७
रविवार, रात्री ९:३०

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. आमच्याकडे इंटरनेटची फायबर घरापर्यंत आली आहे. ती थेट या कार्डाच्या खोचणीत लावली तर राउटर काढून टाकता येईल का?

---

तांब्याची तार
रविवार, रात्री १०:०२

हसत नाही, हा प्रश्न मला ऑफिसातही विचारतात. नाही चालणार. घरी येते ती जीपॉन. एका फायबरवर अनेक घरं असतात, येणं-जाणं त्याच एका दोऱ्यावरून होतं, आणि टोकाला बहुतेक हिरवा चौकोनी जोड असतो. आपल्या कार्डाच्या साध्या मॉड्यूलला दोन दोरे लागतात, एक जायला, एक यायला. शिवाय कंपनीच्या बाजूने तुमच्या डब्याची नोंद असते. त्या डब्याला त्याचं काम करू द्या.

---

पोटमाळ्यावरची
सोमवार, दुपारी २:४५

सगळ्यांचे आभार. एफएलआरची आशा सोडली. हातोडीदादा, स्लॅबखाली आहे, पण पोटमाळ्याला खिडकी नाही, त्यामुळे पंखा बांधावाच लागेल.

आता मी एमसीएक्स३११ए दोन शोधतेय. दोन मशीन थेट एकमेकांना जोडली तर स्विच लागत नाही असं वाचलं, बरोबर आहे ना? वायर भिंतीच्या कडेने धरली तर १३ मीटर भरते. तांब्याची जोडलेली केबल, डॅक की काय म्हणतात, ती १५ मीटरची मिळेल का?

---

तांब्याची तार
सोमवार, सायंकाळी ६:१०

थेट जोडा, स्विचची गरज नाही. दोन्हीकडे हाताने आयपी द्या, घरच्या राउटरपेक्षा वेगळ्या रांगेतले. एका बाजूला १०.१०.१०.१, दुसरीकडे १०.१०.१०.२. गेटवेचा रकाना रिकामा सोडा. तिथे काही भरलं तर इंटरनेटही याच वायरने जायला बघेल आणि तुम्ही परत इथे धागा काढाल. इंटरनेट जुन्या गिगाबिटनेच चालू राहील. पुढे तिसरं मशीन आलं तर मायक्रोटिकचा सीआरएस३०५ बघा, चार खोचण्या, पंखा नाही, हातात मावतो.

डॅक मात्र तुमच्या अंतराला नाही. साधी डॅक केबल पाच-सात मीटरपर्यंतच. एकाच खोलीत मशीन असती तर तेच सगळ्यात स्वस्त आणि मूर्खपणाला वाव नसलेलं काम होतं. १३ मीटरला फायबर घ्या: दोन एसआर (कमी अंतराची) मॉड्यूल, म्हणजे ८५० नॅनोमीटरवाली, आणि ओएम३ (हा फायबरचा दर्जा) ची १५ मीटर दुहेरी पॅच कॉर्ड, दोन्ही टोकांना एलसी जोड. ही जोडी ३०० मीटरपर्यंत चालते, तुम्ही तर घरातच आहात. जुनी मॉड्यूल कार्डापेक्षा स्वस्त मिळतात.

एसएफपीला आरजे४५ करणारी मॉड्यूलही मिळतात, घरची कॅट-६ वापरता येते. पण ती निखाऱ्यासारखी तापतात. तुमच्या पोटमाळ्यात नकोतच.

---

पागोळी
सोमवार, रात्री ९:२५

फायबरलाच माझं मत, पण कारण वेगळं.

दापोलीजवळ घर आहे. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या वळवात बाजूच्या माडावर वीज पडली. घरात आग नाही, काही नाही, दिवेही गेले नाहीत. पण मागच्या पडवीतून माजघरात आलेल्या नेटवर्कच्या तांब्याच्या वायरीने स्विचचे तीन पोर्ट आणि दोन मशीनचे लॅन पोर्ट नेले. बोर्ड चालू, फक्त पोर्ट मेलेले. तेव्हा एका मशीनमध्ये जुनं एक्स५२० घातलं आणि दोन खोल्यांच्या मध्ये फायबर टाकली. काचेच्या दोऱ्यातून वीज जात नाही. त्यानंतर दोन पावसाळे निभावले.

आता तार म्हणाला ती एक्स५२०ची खोड. ते मॉड्यूलवर इंटेलची सही शोधतं. दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल खोचलं की पोर्टच उठत नाही, लिनक्सच्या नोंदीत 'अनसपोर्टेड' म्हणून एक ओळ येते आणि विषय संपला. मी पहिला आठवडा फायबर खराब समजून दोनदा बदलली! ड्रायव्हरला एक पर्याय देऊन हे बंद करता येतं, किंवा कार्डाच्या ईईप्रॉममधला (कार्डावरच्या कायमच्या मेमरीतला) एक बिट कायमचा बदलता येतो. इथे रोमन लिपी चढत नाही, कुणाला लागली तर कमांड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करीन. मेलानॉक्सला ही असली सोवळी-ओवळी नाहीत, जे खोचाल ते घेतं.

---

नवशिक्या ७७
सोमवार, रात्री ९:४०

पागोळी, व्यनि कराच. वाचनखूण साठवली.

---

शंकासूर
मंगळवार, सकाळी ७:१०

पोटमाळा म्हणजे उंदीर. फायबर कुरतडली की घरच्या घरी जोडता येत नाही, हेही लिहा की कुणीतरी.

---

हातोडी
मंगळवार, सकाळी ११:३०

इलेक्ट्रिशियन वापरतात ती पीव्हीसीची केसिंग पट्टी मारायची, वीस-पंचवीस रुपयांत लांबलचक मिळते. कोपऱ्यावर काटकोनात दुमडू नका, वळण मोठं ठेवा, बांगडीपेक्षा लहान नको. जास्तीची लांबी गोल गुंडाळून वर टांगा. टोकांची टोपणं खोचायच्या क्षणापर्यंत काढू नका, धूळ बसली की सिग्नल मंदावतो. आणि पेटलेल्या टोकात डोळा घालून 'प्रकाश येतोय का' बघू नका. तो दिसतच नाही, पण डोळ्याला लागतो.

---

एडिसनकर
मंगळवार, रात्री ९:१५

विजेच्या बिलाचा विषय कुणी काढला नाही. ही जुनी कार्डं स्वतः पाच-सात वॉट खातात ते वेगळंच. पण मशीन रिकामं असताना प्रोसेसरला गाढ झोपू देत नाहीत. पीसीआय लाइन झोपवायची जी सोय असते ती यांना नीट जमत नाही. माझ्या डब्याला वॉटमीटर लावला तेव्हा कार्डाशिवाय ३१ वॉट, कार्ड घालून ४६. म्हणजे १५ वॉट, चोवीस तास, वर्षाचे १३१ युनिट.

---

शंकासूर
मंगळवार, रात्री ९:२२

युनिटला दहा रुपये धरा. वर्षाला १३०० रुपये. दोन वर्षांत तुमच्या 'स्वस्त' कार्डाची किंमत बिलात गेली. हेच सांगत होतो.

---

पोटमाळ्यावरची
मंगळवार, रात्री १०:३०

शंकासूर, पोटमाळ्यावरचा डबा मी काम असेल तेव्हाच चालू करते, रात्री बंद. चोवीस तास चालवणाऱ्यांना तुमचा हिशोब लागू आहे, मला नाही. पण बरं झालं काढलात, माझ्या डोक्यात नव्हतं.

ऑर्डर दिली. एमसीएक्स३११ए दोन, प्रत्येकी २१०० (एकाला उंच पट्टी, एकाला बुटकी. हातोडीदादांचं वाक्य जसंच्या तसं वापरलं आणि शंभर कमी झाले). मॉड्यूल दोन, ५००ला जोडी. फायबर ६५०. विक्रेत्याकडून आधी कार्डाचे पुढून-मागून फोटो मागवले, सोनेरी दातांचे जवळून. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी लिहून घेतली. एफएलआरचे ९०० धरले तरी सात हजारांच्या आत.

---

ओटीवरचा
बुधवार, सकाळी ८:००

माझ्याकडे ईएसएक्सआय (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) आहे. त्यात कनेक्टएक्स-३ चालेल का?

---

तांब्याची तार
बुधवार, सकाळी ९:५०

सातव्या आवृत्तीपर्यंत हो. आठवीत त्याचा ड्रायव्हर काढून टाकला, कार्ड दिसणारच नाही. २०२३च्या शेवटी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यापासून घरगुती मंडळी तशीही त्याच कामाच्या प्रॉक्समॉक्सकडे चालली आहेत. तिथे, म्हणजे लिनक्समध्ये, हे कार्ड काही न करता चालतं.

---

पोटमाळ्यावरची
पुढचा सोमवार, रात्री ११:५५

बसली! पण सरळ नाही.

पहिला घोळ: दोन्हीकडे मॉड्यूल खोचलं, फायबर लावली, दिवाच लागेना. तासभर टोकं पुसत बसले. मग आई म्हणाली, "दोन्ही दोरे अदलाबदल करून बघ, मिक्सरची पिन उलटी असते तसं काही असेल." क्लिप उघडून एका टोकाचे दोन दोरे फिरवले आणि लागला दिवा. जाणारा प्रकाश जाणाऱ्याच्याच समोर येत होता. आईला अजून हे कार्ड नक्की काय करतं ते माहीत नाही.

दुसरा घोळ अजून चालू आहे. आयपर्फ (वेग मोजायचा प्रोग्राम) लावून बघितलं तर ३.२ गिगाबिटच मिळताहेत. १० कुठेत? मॉड्यूल जुनी म्हणून असेल का? एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० करून पाहिलं, काही फरक नाही, उलट ट्रूनॅसचं पान उघडायचं बंद झालं. परत १५०० केलं.

---

तांब्याची तार
मंगळवार, सकाळी ८:४०

मॉड्यूल असं वागत नाही. ते चालतं तरी नाही तर चुका दाखवतं, तिसऱ्या हिश्श्याने चालत नाही. आणि एमटीयूला हात लावू नका, आजच्या प्रोसेसरला १५०० जड नाही.

३.२ हा आकडा ओळखीचा आहे. पीसीआय दुसऱ्या पिढीची एक लेन म्हणजे कागदावर ४ गिगाबिट, वरखर्च जाऊन सव्वातीन. म्हणजे कार्डाला चारऐवजी एकच लेन मिळते आहे. बी४५० बोर्डात ग्राफिक्स कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये आणि हे खालच्या लांब स्लॉटमध्ये असणार. खालचा दिसायला सोळा लेनचा, पण आत वायरी चारच, त्याही चिपसेटच्या आणि दुसऱ्या पिढीच्या. तेवढ्या पुरेशा आहेत, चार लेन म्हणजे १६ गिगाबिट. पण काही बोर्डांवर या चार लेन शेजारच्या छोट्या स्लॉटशी वाटून घेतलेल्या असतात. छोट्या स्लॉटमध्ये काही लावलंय का?

---

पोटमाळ्यावरची
मंगळवार, सकाळी ९:०५

वायफाय कार्ड. २०१९ पासून. वापरत पण नाही.

---

तांब्याची तार
मंगळवार, सकाळी ९:०६

काढा.

---

पोटमाळ्यावरची
मंगळवार, रात्री ८:२०

९.४१ गिगाबिट!!

कालच्या तारखेचं एक लग्न खाली उतरवलं, ३९० जीबी. वेग ४२० ते ४५०च्या मध्ये खेळत होता, पंधरा मिनिटांत काम झालं. वर चढवताना थोडा कमी, ३५०च्या आसपास. म्हणजे आता डिस्काच मागे पडताहेत, शंकासूर म्हणाले तसं, फक्त त्यांच्या आकड्याच्या दुपटीने.

भाऊ म्हणतो, थेट पोटमाळ्यावरूनच एडिट करता येईल, खाली आणायचंच कशाला. एक लहान प्रोजेक्ट तसा उघडून पाहिला. टाइमलाइनवर पुढे-मागे करताना किंचित अडखळतं, पण चालतं. तिथे कॅशेसाठी एखादी एसएसडी घालायची का हा वेगळा धागा होईल.

पंखा बांधला आहे. गबाळा दिसतो, खरंच.

---

शंकासूर
मंगळवार, रात्री ८:४५

अभिनंदन. मी माझ्यासाठी एक जोडी बघतोय, विक्रेत्याचं नाव व्यनि करा. कुणाला सांगू नका.

---

अवांतरराव
मंगळवार, रात्री ८:५०

आम्ही सगळ्यांनी वाचलं.

---

खडू-डस्टर
बुधवार, सकाळी ११:१५

पहिल्यांदाच लिहितोय. अमरावतीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. एका कंपनीने दान केलेला एचपीचा डीएल३८० जेन९ सर्व्हर आमच्याकडे आहे, त्यातलं नेटवर्क कार्ड देताना काढून घेतलं होतं. ती जागा रिकामीच आहे. ताई, तुमचं ते ९०० रुपयांचं एफएलआर अजून आहे का? आमच्या सर्व्हरला नेमकं तेच लागतं.

---

पोटमाळ्यावरची
बुधवार, दुपारी १२:४०

आहे, टीव्हीखालच्या खणात, बबल रॅपसकट. पैसे नकोत, पत्ता व्यनि करा, उद्या कुरिअर करते. मागची उंच पट्टी मात्र नाही हां.

---

खडू-डस्टर
बुधवार, दुपारी १२:५२

याला ती लागतच नाही ताई. पत्ता पाठवला.